उंबऱ्यावरचं पाणी

“कान दाखवा. आता टेबलाखाली कॅमेरा फिरवा.”

देनित्साने फिरवला. ऑनलाइन परीक्षेच्या लॅपटॉपमधल्या पर्यवेक्षकाला भिंतीवरचा संतही खपला नव्हता. तसबिरीवर म्हणे अक्षरं आहेत! संत गेला स्वयंपाकघरात. कारखान्याचा डेटा सर्व्हर तिनेच उभा केला, तिनेच सांभाळला. आता साहेबांना प्रमाणपत्र हवं. आज नापास झाली, तर सोमवारी सर्व्हर दुसऱ्याच्या हाती. आणि वर ही चोरासारखी झडती! तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

सासूबाईंना, म्हणजे नेदांना, तिने सकाळीच बजावलं होतं. “आई, टकटक नाही, हाक नाही, आत पाऊल नाही.”

“मला काय खूळ लागलंय?” नेदा म्हणाल्या.

भाजलेल्या मिरच्या सोलता सोलता त्यांनीच तर सुनेला रोज प्रश्न विचारले होते. अर्थ ओ की ठो कळत नव्हता, पण उत्तरं पाठ. सर्व्हरच्या खोलीत पाणी शिरलं तर? आधी वीज तोडा. हा प्रश्न त्यांचा लाडका.

परीक्षा सुरू झाली. नेदांनी शब्द पाळला. पण माणूस परीक्षेला निघालाय आणि त्याच्यासाठी उंबऱ्यावर पाणी ओतलं नाही, असं त्यांच्या प्लोवदिव शहरात कधी झालंय? सून घराबाहेर पडणार नव्हती. मग खोलीचाच उंबरा. जिरेनियमची डहाळी घातलेलं तांब्याभर पाणी त्यांनी बंद दाराशी हळूच ओतलं. काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून.

पाणी दाराखालून आत आलं आणि थेट जमिनीवरच्या प्लगांच्या पट्टीकडे निघालं. देनित्सा झेपावली. भिंतीतला प्लग उपटला.

“परीक्षार्थी कॅमेऱ्यासमोरून उठल्या. परीक्षा रद्द.”

“अहो, खाली पाणी आलंय! शॉक बसून मरू का?”

“नियम आहे.” आणि पडदा काळा झाला.

तिने धाडकन दार उघडलं. “आई! काय केलंत हे? परीक्षा रद्द केली त्याने!”

नेदांनी ओली फरशी पाहिली, सुनेच्या हातातली वायर पाहिली. त्यांचा चेहरा पडला. मग लाल झाला. तांब्या तिथेच टाकून त्या सपाता भिजवत आत शिरल्या आणि लॅपटॉपसमोर उभ्या राहिल्या.

“ए मेल्या! पाणी शिरलं तर आधी वीज तोडायची, हे तुझ्याच पुस्तकात लिहिलंय! चल, दे तिला मार्क!”