काळी दोनमधलं भजन

रामाजींनी तिसऱ्यांदा भजन लावलं आणि हातातल्या प्लेअरकडे पाहिलं, एखाद्या खिसेकापूकडे पाहावं तसं.

"ऐका नत्थूजी, नीट ऐका. इतका दम कोणाच्या छातीत असते का?"

नत्थूजींनी चहाची बशी खाली ठेवली. लग्नं जुळवता जुळवता त्यांचे केस पिकले होते, पण होणाऱ्या जावयाचा दम मोजणारा सासरा त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. रामाजी टिमकी मोहल्ल्यातल्या भजन मंडळाचे मुख्य गायक. पोरगी द्यायची ती मंडळात बसणाऱ्यालाच, असा त्यांचा हट्ट. आधी एक भजन म्हणून पाठवा, मग पुढचं बोलू. कळमेश्वरच्या जितेंद्रनं बिचाऱ्यानं ते पाठवलं. रामाजी काल काटोलला कार्यक्रमाला गेले होते, म्हणून त्यांच्या पोरीनं, मिनलनं, ते बापाच्या मुठीएवढ्या प्लेअरमध्ये भरून ठेवलं होतं.

आता त्यातून जितेंद्र गात होता. सावकाश, फारच सावकाश. ओळ सुरू व्हायची ती संपायचं नाव घेत नव्हती. खंजेरीचा एक ठोका पडला की दुसरा येईपर्यंत माणसानं पान लावून घ्यावं.

"मशीन बिघडली असंन," नत्थूजी म्हणाले.

"बिघडली?" रामाजी हसले. त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता हलवला आणि काळी दोनचा सूर धरला. जितेंद्रचा आवाज त्या सुरावर चपखल बसला. "पाहा आता. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले का गाणं हळू होत होतं, पण आवाजही खाली जात होता. बाईचा बाप्या होऊन जाये. इथं पट्टी जागच्या जागी आहे. म्हणजे मशीन बराबर आहे. पोराचंच काहीतरी गडबड आहे."

नत्थूजींनी चहाची बशी परत उचलली. टेपरेकॉर्डरवर तयार झालेल्या कानाला खोटं कसं पाडायचं?

"अन् सुरुवातीले नाव सांगते, ते ऐका." रामाजींनी भजन मागे नेलं. "नमस्कार, मी जितेंद्र" एवढे तीन शब्द, पण जड जिभेनं पाय ओढत ओढत आले. "सकाळी रेकॉर्ड केलं म्हणता ना तुमी? सकाळपासूनच घेते का हा?"

"अहो, पोरगा साधी सुपारीही खात नाई, रामाजी!"

"मग दुसऱ्या कोणाकडून म्हणून घेतलं. नाईतर कम्प्युटरनं केलं. आजकाल तो कोणाच्याही गळ्यानं गाते म्हणतात. ती झांज ऐका, कशी थरथरून राहिली. खऱ्या झांजेचा नाद असा असते का?"

रामाजी मुळातले विणकर. घरातला माग कधीच गेला, पण कापड उलटं करून पाहिल्याशिवाय हातात घ्यायचं नाही, ही खोड राहिली. माणसांनाही ते तसंच उलटं करून पाहत.

मिनल पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा पार उतरला होता. रामाजींच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांच्या नजरेतून काहीच सुटत नसे, फक्त अर्थ भलताच लागायचा.

"तुलेही शंका होती ना वं?"

मिनल हातातल्या बश्यांकडे पाहत राहिली.

"पाहा, नत्थूजी! पोरगी बोलत नाई, पण तिले समजलं." त्यांनी फोन उचलला. "लपवाछपवी मले चालत नाई. त्याच्या बापाले आत्ताच सांगून टाकतो, सोयरीक होत नाई म्हणून."

"अहो, उद्या सांगा, परवा सांगा…" नत्थूजी हात जोडायलाच निघाले, पण तिकडे रिंग वाजायला लागली होती.

मिनलनं बश्या खाली टेकवल्या आणि बापासमोरचा प्लेअर ओढून घेतला. असं ती कधी करत नसे.

"बाबा, फोन ठेवा."

तिनं एक बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात इवलंसं कासव होतं. रामाजी त्याला कंपनीचा छाप समजले होते. ते नाहीसं झालं.

आणि जितेंद्र गायला लागला. गळा तोच, काळी दोनही तीच. पण खंजेरी आता ठसक्यात वाजत होती, झांज स्वच्छ होती, आणि ओळ संपली की पोरगा भजनात बसणाऱ्या कोणाही माणसासारखा भरभरून श्वास घेत होता. नत्थूजींचा हात आपोआप मांडीवर पडू लागला.

"हॅलो? कोण बोलून राहिलं?" फोनमधून आवाज आला. रामाजींनी घाईनं फोन बंद केला.

"आवाज न बदलता हळू होते हे?"

"होते, बाबा. आता होते."

"मग केलं कोणं?"

"मी."

रामाजींच्या भुवया पुन्हा जवळ आल्या. भजन शिकायला हळू केलं म्हणावं, तर या पोरीनं आजवर टाळ हातात धरला नव्हता. "काहून?"

मिनलनं मान खाली घातली. बांगडी फिरवत राहिली. कधी नव्हे ते रामाजींनी दुसरा प्रश्न विचारला नाही, वाट पाहिली.

"लवकर संपते ना," ती म्हणाली.

नत्थूजींना एकदम पोह्यांची आठवण झाली. त्यांनी बशी उचलून तोंडासमोर धरली. भजन शेवटच्या ओळीवर आलं आणि संपलं. खरोखरच लवकर संपलं.

रामाजींनी प्लेअर उचलला. डोळ्यांजवळ नेला, सवयीनं उलटा करून पाहिला, आणि मग मिनलसमोर धरला.

"ते कासव परत कसं बसवते वं?"