पाठीची गोळी

चौऱ्याऐंशी साली सत्यवानचा हिशेब सरळ होता. पाठदुखी थांबली की पुन्हा होडीवर जायचं. देवगडचे डॉक्टर म्हणाले, "ही गोळी मेंदूतलं सेरोटोनिन वाढवते, त्याने दुखणं कमी होतं. मन खचलेल्यांनाही हीच देतात."

चार महिने बायको सुशीला रोज त्याच्या हातावर गोळी ठेवत होती. पाठ तशीच राहिली. लेक वारल्यापासून मुकी झालेली सुशीला मात्र बोलू लागली. मग एकदा ती सापडलीच. त्याची गोळी तिच्या तोंडात होती आणि त्याच्यासाठी काढलेली होती कॅल्शियमची.

"माझी गोळी तू खातंस गो?"

"तुमची पाठ डॉक्टरान बघितल्यान. माझा दुखणा कोणी इचारल्यान?"

सत्यवानने गोळ्या पेटीत टाकून कुलूप लावलं आणि रोज स्वतःच काढून घेऊ लागला.



महिन्याभरात पाठ थांबली आणि तो होडीवर निघाला. जाताना त्याने सुशीलाला हाक मारली, पण ती पुन्हा मुकी झाली होती.