अर्ध्यावरचे सिनेमे

घरी बसून कुठला सिनेमा बघावा, हे दवाखान्यात सगळे दातांच्या डॉक्टरीणबाईंनाच विचारायचे. कुणी नावही न ऐकलेला सिनेमा बाई कुठून तरी शोधून काढायच्या आणि तो हमखास चांगला निघायचा.

खरं तर बाई शोधत काहीच नव्हत्या. घरच्या टीव्हीवर अर्धवट सोडलेल्या सिनेमांची रांग दिसायची, त्यातलाच एखादा पहिल्यापासून लावायच्या.

रविवारी मैत्रिणी जेवायला आल्या. दीपस्तंभावरच्या म्हाताऱ्याच्या सिनेमाचं तोंडभर कौतुक झालं, तशा बाई खुलल्या. "आमच्या ह्यांची कृपा! इतके सुंदर सिनेमे, पण एक पूर्ण बघतील तर शपथ."

"उगाच माझ्या नावावर खपवू नकोस," ताटं मांडता मांडता नवरा म्हणाला. "मी मॅचशिवाय टीव्ही लावतो तरी का?"

घरात तिसरं माणूस एकच होतं. सासरे. "बाबा, दिवसभर टीव्हीच का हो?" असं बाई मागे एकदा फटकन बोलून गेल्या होत्या. तेव्हापासून बाई घरी आल्यावर टीव्हीसमोर ते कधी दिसलेच नव्हते.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. हातातला पाण्याचा जग टेबलावर ठेवताना ते चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळले. बाईंना कुठे बघावं कळेना.

मग सासऱ्यांनीच हळूच विचारलं,

"सूनबाई, त्या म्हाताऱ्याची मुलगी शेवटी परत येते का गं? ती बोटीत चढली आणि तुझी बेल वाजली."