कावेरीचा पट्टा

मुलींच्या निरीक्षणगृहाचे माजी अधीक्षक मुळावकर यांना खुर्चीला बांधलं होतं. तंत्रज्ञाने त्यांच्या मनगटावर कावेरीचा पट्टा चढवला. मुलगी पळालीच तर सापडावी म्हणून गृहातल्या प्रत्येकीला असा पट्टा घालावा लागे. गृहाला आग लागून कावेरी गेली त्या दुपारी तिच्या शरीराला जे जे जाणवलं, ते सगळं त्यात नोंदलं जाऊन शाबूत राहिलं होतं. न्यायालयाने मुळावकरांना ते सगळं स्वतःच्या शरीराने भोगण्याची शिक्षा दिली होती.

समोर कावेरीची आई शेवंताबाई बसली होती. शिक्षा मध्येच थांबवण्याचा हक्क फक्त तिला होता.

तिसऱ्या मिनिटाला मुळावकर खोकू लागले. सातव्या मिनिटाला ते किंचाळले, "दार उघडा! कुलूप काढा!"

"चावी तुमच्याच खिशात होती," शेवंताबाई म्हणाली.

"पोरी पळून जातील असं वाटलं हो, बाई! थांबवा!"

"हाताला पट्टे होते ना त्यांच्या? जाणार कुठं होत्या?"

तंत्रज्ञाचाही चेहरा पांढरा पडला. "मावशी, बंद करू का?"

शेवंताबाईने हात पदरात घट्ट गुंडाळला. "नको. पुरं होऊ दे."

एकोणीस मिनिटांनी यंत्र आपोआप थांबलं. मुळावकरांच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता, पण ते हमसून हमसून रडत होते.

शेवंताबाई बाहेर आली. आगीच्या दिवशी कावेरीबरोबर कोंडलेल्या आणखी पाच मुलींच्या आया बाकावर बसल्या होत्या. पहिलीच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "जा बाई. आता तुझ्या लेकीचा पट्टा."