लागलं का?

वाडीच्या पाटाजवळ राहीचा पाय शेवाळावरून सटकला आणि ती कोपरावर आपटली. पानवेलीजवळ वहाणा घालून जायचं नाही, ही रीत घाटावर तशी नागावातही. अनवाणी पायांवर शेवाळ काही दयामाया दाखवत नाही. ती उठली ती आधी पदराखाली चाचपतच. वेलाचा तुकडा धड होता. कोपराकडं तिनं बघितलंही नाही.

सुपारीच्या बुंध्याशी ती उकिडवी बसली. मृग निघाला त्या दिवशी, सासूच्या चोरून, तिनं इथं दोन तुकडे लावले होते. एकाला हलकेच ओढलं तर तो मातीतून सुटून हातातच आला. खालचं टोक काळं, बुळबुळीत. दुसराही तसाच. 

नागावात पानवेल आणायची म्हणजे समुद्रात मीठ टाकायचं, हे तिलाही कळत होतं. सासरच्या वाडीत सुपारीगणिक वेल चढलेले. पण हे तुकडे वाईजवळच्या तिच्या आईच्या वेलाचे होते. आई माघात गेली. भावानं वेल उपटून जागा उसाला घेतली. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून वैशाखात राही घाट उतरली, ती हे तीन तुकडे केळीच्या सोपटात गुंडाळून. आल्या आल्या तिनं सासूला विचारलं होतं, लावू का? कृष्णाबाई म्हणाली होती, आत्ता नको. मोठी माणसं आत्ता नको म्हणतात तेव्हा त्यांना कधीच नको म्हणायचं असतं, एवढं शहाणपण राहीनं माहेरूनच आणलं होतं. सुनेच्या माहेरचं काही या मातीत रुजायला नको असेल, तिनं मनात म्हटलं आणि गप्प बसली.

आता उरला हा तिसरा. गोणपाटात ओला ठेवून ठेवून त्याच्या पेराला पांढरं मूळ फुटलं होतं. तिनं बोटांनी खड्डा मोकळा केला. खड्ड्यात लगेच पाणी भरलं.

"लागलं का गो?"

मागं इरलं पांघरून कृष्णाबाई उभी होती.  राहीनं कोपर पदराखाली घेतलं.

"न्हाई आत्याबाई, काय न्हाई लागलं. जरा पाय घसरला."

"हाताचं न्हाय इचारत. येलाचं इचारतंय."

 कुजलेले दोन्ही तुकडे समोरच पडले होते. नव्या सुनेनं लावलं आणि मेलं. आता पायगुण निघणार. माहेरी चुलतीच्या बाबतीत म्हैस आटली तेव्हा असंच निघालं होतं, ते मरेपर्यंत तिला चिकटलं.

कृष्णाबाईनं वाकून एक तुकडा उचलला, नखानं खरवडला, टाकून दिला. "मिरगाला लावलास. तुमच्याकडं कवा लावतात?"

"मिरगालाच. आई म्हनायची, पाऊस अंगावर घेऊन येल उठतो."

"तुमच्याकडं पाऊस शिंपतो. हितं बुडवतो." कृष्णाबाईनं खड्ड्यातल्या पाण्याकडं बोट केलं. "म्हनून आत्ता नको बोल्ले. नारली पुनव होऊ दे, होड्या पान्यात जाऊ देत. दर्या निवला का जमीन पन निवते. तवा लावायचा."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ता कललं मला."

पाऊस पानांवरून थेंबाथेंबानं गळत होता.  पायगुण अजून निघाला नव्हता, आणि तो न निघण्याचीच राहीला जास्त धास्ती वाटत होती.

"मी उरनची," कृष्णाबाई एकाएकी म्हणाली. "दाराम्होरं मिठागर. सावली म्हंजे आपली आपल्याला पडंल तेवरीच. झाडाच्या सावलीत झाड लावतात, ह्या मला ठावंच न्हवतं. पयल्या साली मिरीचा येल भर उन्हात लावला. वालला. सासू बोल्ली, पोरीच्या पायाला मीठ हाय." ती जराशी हसली, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. "धा गावांत झाला ता. माझी पोरं मोठी झाली तरी बाया मला मीठवाली बोलवीत. तवापासून ह्या घरात कुनाच्या पायाचं कुनी बोलत न्हाय."

तिनं हात पुढं केला. "दे ता इकडं."

राहीनं तुकडा छातीशी धरला. आईचं जगात एवढंच उरलेलं, आणि ते मागणारी ही बाई वैशाखापासून तिला परकीच होती. पाणी भरलेला खड्डा समोर होता. तिनं खड्ड्याकडं पाहिलं, मग त्या हाताकडं. बोटांच्या भेगांत सुपारीचे डाग बसलेले होते. तिनं तुकडा हातावर ठेवला.

दोघी पडवीत आल्या. कृष्णाबाईनं कानतुटकं मडकं काढलं, तळाशी खापऱ्या घातल्या, वर भुसभुशीत माती, आणि मूळ मोडू न देता तुकडा आत बसवला. मडकं भिंतीशी ठेवलं. पागोळीचे शिंतोडे उडताहेत असं दिसल्यावर आणखी वीतभर आत सरकवलं. राहीनं ओंजळीतून चार थेंब घातले. पाचव्याला सासूनं तिचा हात धरला.

धरला तो वरपर्यंत पाहत राहिली. कोपरापासून मनगटापर्यंत रक्ताचा ओघळ आला होता.

"अगो माझी बाय! लागलं का?"

राही मडक्याकडंच बघत होती.

"लागंल, आत्याबाई," ती म्हणाली. "पुनव होऊ द्या."