एलीनच्या अटी

"कंपनी विकायची नाही," एलीन म्हणाली. समोरच्या माणसाने अजून कोटही काढला नव्हता.

"बरं," ऑस्कर तवारेस म्हणाला. बर्फाने भिजलेले बूट दाराशी काढून तो मोज्यांवरच आत आला.

टोरोंटोहून तो तीन तास गाडी चालवत आला होता. त्याची कंपनी काय करते हे कुणाला सांगावं लागत नसे. जुन्या, चालत्या सॉफ्टवेअर कंपन्या ती विकत घ्यायची. चारशेच्या वर घेऊन झाल्या होत्या. आणि एलीनचे वडील, ही कंपनी उभारणारे मर्डो किन्नेअर, जाऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते.

"गिधाडंसुद्धा जरा दम धरतात, मिस्टर तवारेस."

"मी बर्नडेटना भेटायला आलो होतो. तुम्ही इथे असाल असं वाटलं नव्हतं."

"म्हणजे माझ्या पाठीमागे माणसं फोडायची!"

बर्नडेट कॉफी घेऊन आली. मीफर्डच्या या ऑफिसात सव्वीस वर्षं तीच फोन घ्यायची. "साखर किती, पोरी?" तिने एलीनला विचारलं. तवारेसपुढे दोन क्रीम घातलेला कप ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

एलीन विनिपेगला शाळेत इतिहास शिकवायची. सॉफ्टवेअरमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण बाबांचं काम ती ओळखून होती. कुठल्या गावच्या बर्फाच्या रिंकवर कुठल्या हॉकी संघाला कधी खेळायला मिळायचं, हे सहाशे गावांत त्यांचा प्रोग्राम ठरवायचा. दर उन्हाळ्यात ती यायची तेव्हा बाबा त्याच खुर्चीत असायचे, तीच नऊ माणसं आसपास, आणि फोन वाजला की उचलायला जिवंत माणूस.

"साथीच्या काळात सगळ्या रिंक बंद होत्या," ती म्हणाली. "वर्षभर काम नाही. तरी बाबांनी एकालाही घरी बसवलं नाही. कसं निभावलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. तुमच्यासारख्यांना जमलं असतं?"

तवारेस कपाकडे बघत राहिला. "मोठा माणूस होता," तो म्हणाला.

तिला भांडण हवं होतं, ते मिळेना. आणि प्रश्न तर होताच. कंपनी चालवणार कोण? तिच्याच्याने ते होणार नव्हतं. तिच्या हातून बुडाली तर नऊ घरं उघड्यावर येणार होती, बाबांनी जन्मभर जपलेलं सगळं मातीत जाणार होतं.

"समजा विकली," ती हळूच म्हणाली. "तर माझ्या अटी असतील."

"सांगा ना."

"पाटीवरचं नाव बदलायचं नाही."

"नाही बदलणार."

"ऑफिस इथेच राहील. टोरोंटोला न्यायचं नाही."

"इथेच."

"कुणालाही काढायचं नाही. आणि फोन माणसानेच उचलायचा, मशीनने नाही."

"बर्नडेटपुढे कुठलं मशीन टिकणार?"

"मशीनशी तुलना केलीस तर कॉफी परत घेईन," कोपऱ्यातून आवाज आला.

एलीन हसली नाही. "शेवटचं. पुढे कुणाला विकायची नाही. कधीच."

"घेतलेलं आम्ही विकत नाही."

"सगळ्याला हो! घेईपर्यंत गोड बोलायचं, आणि मग?"

"चारशे ठिकाणी जाऊन विचारा," तवारेस म्हणाला. आवाज चढला नव्हता. "नीट चाललेल्याला आम्ही हात लावत नाही. अडलं तर पाठीशी उभे राहतो. एवढाच आमचा धंदा."

ती उठून खिडकीशी गेली. बाबांची कंपनी आपण नऊ दिवसांत विकली, हे आता जन्मभर बाळगावं लागणार होतं. पण हा माणूस खोटं बोलत नव्हता.

"ठीक आहे," ती म्हणाली. तिने पर्समधून पेन काढलं. "सही कुठे करू?"

तवारेसने बर्नडेटकडे पाहिलं.

"सांगून टाक रे, ऑस्कर," बर्नडेट म्हणाली. "म्हातारा काही आता रागवायला येत नाही."

त्याने बॅगेतून एक कागद काढून एलीनपुढे सरकवला. अक्षर बाबांचं होतं. पाटी, ऑफिस, माणसं, फोन, पुढे न विकणं. तिच्याच अटी, जवळजवळ तिच्याच शब्दांत. तिने न घातलेली एक शेवटी होती. 'एलीन आली की खुर्चीत मीच बसेन. तिला कळू द्यायचं नाही.' खाली बाबांची आणि तवारेसची सही होती, आणि चौदा वर्षांपूर्वीची तारीख.