साहेबांचा ग्रामोफोन

“ही स्प्रिंग आपोआप तुटलेली नाही, वहिनी,” चावीकाका म्हणाले आणि ती टेबलापासून एक पाऊल मागे सरली.

त्यांनी ती पोलादी पट्टी चिमट्यात धरून दिव्याखाली नेली. इमारतीच्या तळमजल्यावरचं त्यांचं दुकान म्हणजे एक खोली, मागे पडदा आणि पडद्यामागे त्यांचा संसार. घड्याळं, खेळणी, ग्रामोफोन, चावीवर चालणारं काहीही ते दुरुस्त करायचे, म्हणून अख्खी इमारत त्यांना चावीकाका म्हणायची.

“हे टोक बघा. आकड्यातून पार उपटून आलंय. चावी पुरी भरली, तरी कुणीतरी अंगातला सगळा जोर लावून पिळतच राहिलंय. साहेब तर या ग्रामोफोनला फुलासारखं जपतात. मग हे केलं कुणी?”

तिने दोन्ही तळहात पदराखाली घेतले. साहेब म्हणजे तिचा नवरा. त्यालाही हे नाव इमारतीनंच दिलेलं. जिन्यात कुणी म्हातारं माणूस भेटलं की तो हातातली पिशवी घ्यायचा, दार उघडून धरायचा. त्याचा चढलेला आवाज कुणी म्हणून ऐकला नव्हता. भिंती पातळ होत्या आणि त्याला आपल्या नावाची फार काळजी होती.

“मशीन झालं का बघून ये,” असं सांगून त्यानंच तिला खाली पाठवलं होतं. “उशीर लागला तर मी येतोच.” तिचा एक कान मघापासून जिन्याकडे होता.

“काका,” ती कसंबसं म्हणाली, “हे त्यांना सांगू नका.”

चावीकाका हसले. “अहो, एका स्प्रिंगसाठी नवऱ्याला एवढं काय भ्यायचं! नवी बसवलीय मी. आतलं ग्रीस वाळून डांबर झालं होतं, तेही खरवडून काढलं. कर्ण्याचा पोचा ठोकून काढला. मशीन माझ्याकडे आल्यापासून वर कसं सुनंसुनं वाटतंय बघा. तुमच्याकडची गाणी कानावर पडल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. ऐका आता.”

“नको, काका—”

पण त्यांचा हात हँडलवर गेला होता. कर्र, कर्र, कर्र. तबकडी फिरू लागली. त्यांनी सुई अलगद टेकवली आणि कर्ण्यातून आवाज असा उसळला की फळीवरच्या घड्याळांच्या काचा थरथरल्या.

चावीकाका कौतुकाने तिच्याकडे वळले. ती भिंतीला चिकटून खाली बसली होती. मान खांद्यांत गेलेली, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात डोक्यावर.

काकू पडदा सारून बाहेर आल्या. शिवायला घेतलेला सदरा त्यांच्या हातातच होता. “अगं, काय झालं? हात खाली घे बघू. इथे कोण आहे तुला मारायला?” त्या सहज बोलून गेल्या आणि स्वतःच थबकल्या.

चावीकाकांनी सुई उचलली. तबकडी नुसतीच फिरत राहिली.

“वहिनी,” ते छताकडे बघत म्हणाले, “आम्ही तर बरोबर खालीच राहतो. एक हाक मारायची होतीत.”

“मारत होते, काका,” ती म्हणाली. “गाणं लागलं की मारत होते.”

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकसारखी, कसलीही घाई नसलेली. ती धडपडत उठली, पदर सारखा केला आणि तिचा चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला.

“वा! वरपर्यंत ऐकू आलं.” साहेब दारात हसत उभा होता. “चावीकाका, कमाल आहे तुमची. काय बिघडलं होतं हो?”

तुटकी पट्टी टेबलावर उघडी पडली होती. चावीकाकांनी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“जुनी झाली होती,” ते म्हणाले. “तुटली.”

“चालायचंच.” त्याने मशीन दोन्ही हातांनी उचललं. “चल गं. कर्णा तेवढा तू घे.”

तिचा हात सवयीने पुढे झाला. कर्ण्याच्या थंड पत्र्याला बोटं लागली आणि तिथेच थांबली.

“मी येत नाही,” ती म्हणाली. इतक्या हळू, की आपण खरंच बोललो का, असं तिलाच वाटलं.

“काय म्हणालीस?” तो अजून हसतच होता.

काकूंनी स्टूल ओढलं आणि तिला खांद्याला धरून त्यावर बसवलं. स्वतः तिच्यासमोर, तिच्या आणि दाराच्या मध्ये उभ्या राहिल्या. “ती आमच्याकडे थांबणार आहे,” त्या म्हणाल्या. कर्णा चावीकाकांनी उचलून त्याच्या काखेत दिला.

साहेबाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. “हरकत नाही,” तो मऊ आवाजात म्हणाला. “होऊ दे गप्पा. नंतर ये.” आणि तो गेला. पावलं चढत चढत वर गेली. वरचं दार लागलं. चावीकाकांनी दुकानाच्या दाराला आतून कडी घातली.

काही वेळ काहीच झालं नाही. मग वर गाणं लागलं.

हे बोलावणं होतं. तिला ते बरोबर कळलं, आणि तिच्या पायांनाही कळलं. ते आपणहून उठले, दाराकडे वळले. काकूंनी तिला धरलं नाही, अडवलं नाही. हातातला सदरा बाजूला ठेवून त्या फक्त तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरच्या छतातून सूर झिरपत होते. ती दाताखाली ओठ दाबून उभी राहिली, एकेक कडवं संपण्याची वाट बघत. दार तिने उघडलं नाही.

गाणं संपलं. ते इतकं लहान आहे, हे तिला आजवर कधी कळलंच नव्हतं.